खाले कोनी नको

केळीच्या मळ्यांतून बोअरच्या मोटारी उपसणारा रुबाब तडवी
सावद्याच्या आमच्या शाळेत आला
तो टेम्पोत घोडी टाकून.
तीन पाइप, चेनकप्पी, दोन पट्टे,
दिवसाचे आठशे, डिझेल वेगळं.
हॉलच्या दारातून घोडी काही वळेना.
मग तो नुसताच वर बघत राहिला, छताकडे,
मोटार अडकल्यावर बोअरच्या तोंडाशी बघतात तसा.

'आजवर खालून वर ओढलं, भो.
वरून खाले हे पहिलंच.'

भंगाळे मंडपवाल्याची परांची आणली, तीही भाड्यानं.
पाटीवरचं वजन पुसून गेलेलं.
फालक सर म्हणाले साठ किलो,
हिरामण शिपाई म्हणाला दोन पोती.
'सव्वाशे धरू,' रुबाब म्हणाला,
आणि गर्डरवर हातोडी वाजवून कान लावला.
सिमेंटच्या तीन गोण्या टांगल्या
फरशीपासून वीतभर वर,
चहा पिऊन होईस्तोवर तशाच.
कप खाली ठेवला, गोण्यांखाली हात घातला.
वीत होती तेवढीच होती.

मी मेन पाडला. फ्यूज खिशात घातला.
'खिशातच राहू दे. कोनी मागला तरी.'

मैदानाची फक्की आणून फरशीवर गोल आखला.
फालक सर मोबाइल काढून फोटोला आत आले
तर त्यानं नुसतं बोट वर केलं.
सर मागे सरले. मुख्याध्यापक असून.
'खाले कोनी नको. आन् आवाज एकच, माह्या.'

वर चढलो, तर प्रोजेक्टरच्या पाठीवर
बोटभर धूळ, आणि कागदाची विमानं.
अकरा मोजली.
एक घटक चाचणीच्या पेपरचं: पंचवीसपैकी चार.

आधी साखळी ताणली,
भार तिच्यावर जाईल आणि तरी काही हलणार नाही, इतकी.
मग पाना.
पहिला बोल्ट किंचाळला.
दुसऱ्यानं रॉकेल पिलं, अर्धा तास घेतला.
तिसऱ्याला पान्यावर पाइप घालावा लागला.

चौथा
बोटांनीच फिरला.

रुबाबनं माझ्याकडे पाहिलं. मी बोल्टाकडे.

नव्याण्णव साली मी एकोणीस वर्षांचा,
प्रयोगशाळेत नुकता लागलेला,
टेबलावर स्टूल, स्टुलावर मी,
आणि बाहेर जेवणाची सुट्टी झालेली.
जळगावचा माणूस खालून म्हणाला, 'घट्ट?'
मी म्हणालो, 'घट्ट.'

चोवीस वर्षं.
इथे पोरं बसली, मांडी घालून, दाटीनं,
निबंध स्पर्धा, निरोप समारंभ, हृदयाची झडप, ज्वालामुखी,
आणि फक्कीचा गोल कोणी आखला नाही.

'हयू हयू,' वरून आवाज आला, एकच.
साखळी कट कट उतरू लागली.
डावी दोरी हिरामणकडे, उजवी शकीलकडे,
मध्ये तो तीन डोळ्यांचा, लाल, हिरवा, निळा,
आंधळा झालेला,
जरासा फिरला, थांबला, पुन्हा उतरला.
उंच उडीच्या गादीवर टेकला तेव्हा
गादीनं एक लांब श्वास सोडला.
टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. रुबाबनं वाजवू दिल्या नाहीत.
पट्टा सुटल्यावरच म्हणाला, 'आता बोला.'

कोणाला काही बोलायचं नव्हतं.

चौथा बोल्ट त्यानं माझ्या तळहातावर ठेवला
आणि चेनकप्पी उचलून चिनावलला गेला,
तिथे कोणाची मोटार दोनशे फुटांवर बसली होती.
नवा प्रोजेक्टर डब्याच्या पिशवीत मावतो.

रात्री देवयानीचा फोन आला, नाशिकहून,
ड्यूटी संपवून.
म्हटलं, आज हॉलमधला प्रोजेक्टर उतरवला.
'तो? शनीची कडी दाखवली होती तो?
पप्पा, मी बरोब्बर त्याच्याखाली बसायचे.
पंख्याची हवा तिथेच लागायची.'