क्रियापदाच्या शेवटी

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर,
मराठी बोलताना मला वळसा घ्यावा लागतो.
निघालो नाही, निघाले नाही,
मला निघायचंय.
दमलो नाही, दमले नाही,
पाय दुखतायत.
आई म्हणते, तुझं बोलणं हल्ली सरकारी पत्रासारखं झालंय.
बाबा काहीच म्हणत नाहीत. पेपरची घडी घालतात, पुन्हा उघडतात.

एका दिवसात किती वेळा
स्वतःबद्दल सांगावं लागतं, तुम्ही कधी मोजलंय?
मी मोजलं. मंगळवारी एकशे बारा.
बुधवारी तेरा, कारण बुधवारी मी बोलणंच आवरतं घेतलं.
गुरुवारी दोन.
मग बरेच दिवस शून्य.
घरच्यांना वाटलं, परीक्षेचा ताण.

लहानपणी कागलहून आत्या यायची,
कंडक्टरशी भांडून, तंबाखूची डबी कनवटीला.
दारातूनच ओरडायची, "आलो गं वैनी!
जेवतो, मग पडतो जरा."
कुणी दचकायचं नाही. तिकडं बायका तसंच बोलतात, एवढंच.
सातव्या वर्षी तिचं ऐकून मी म्हटलं, "मी पण आलो."
सगळे हसले. आत्या हसली नाही.
तिनं लाडवातला बेदाणा काढून माझ्या तोंडात घातला.
तो अजून गालात आहे.

भाद्रपदातली एक रात्र. काळ्या घोड्याजवळचा पूल.
पूर ओसरून विश्वामित्री खाली गेलेली,
चिखलात एक मगर, ओंडक्यासारखी.
त्या रात्री मला काय हवं होतं
ते मी इथं लिहिणार नाही.
मकाईवाले काका गाडी ढकलत घरी चाललेले,
शेगडी विझत आलेली. थांबले.
"शुं जुओ छो?"
"मगर जोउं छुं."
किती दिवसांनी एक अख्खं वाक्य माझ्या तोंडून निघालं,
आणि त्याला
ना मिशा होत्या ना बांगड्या.
"हुं पण जोउं छुं," काका म्हणाले,
आणि शेवटचं कणीस निखाऱ्यावर फिरवू लागले.
मीठ जास्त झालं होतं. मी सगळं खाल्लं.

सयाजी हॉस्पिटलात फाल्गुनीबेन मजमुदार
पेनाला टोपण लावून ऐकतात.
कसं वाटतंय, विचारतात, अडखळत्या मराठीत.
वाटतं. वाटलं. वाटत होतं.
हे क्रियापद मला परवडतं.
मी म्हटलं, आत चिखल आहे, आणि त्यात काहीतरी पडून आहे, डोळे उघडे ठेवून.
त्यांनी गोळीचं नाव लिहिलं. त्याखाली एक पत्ता:
फतेगंज, झेरॉक्सच्या दुकानावरची खोली, शुक्रवारी सहा.

तिथं कुणी रडलं तर कुणी समजूत घालत नाही,
पाण्याची बाटली सरकवतात.
निशिगंध आला की आली, हा वाद तिथं नाही.
निशिगंध आलं, आम्ही म्हणतो,
आणि निशिगंध चप्पल काढता काढता थांबतं.
हेत प्राणिशास्त्र शिकतो. म्हणाला, मगरीच्या अंड्यात
आधी काहीच ठरलेलं नसतं,
घरट्याची ऊब ठरवते.
मी म्हटलं, आमच्या घरी पंखा कायम पाचवर.
खूप दिवसांनी माझं मलाच हसू आलं.

परवा ताटं मांडताना आई बाबांना म्हणाली,
माझ्याकडे न बघता,
"जेवलं नाहीये ते अजून."
ते.
चुकून असेल. पाळण्यात असताना म्हणायची, तसं.
मी विचारलं नाही.
आणखी अर्धी पोळी घेतली.

आणि एक गोष्ट फार उशिरा सापडली,
गोळ्यांच्या पाकिटावर वार लिहिताना:
मी येईन. मी खाईन. मी बोलेन.
पुढच्या काळात शिरताना
दारावर कुणी काही विचारत नाही.
तर, शुक्रवारी मी जाईन.
रविवारी आत्याला फोन करीन.
सोमवारचं काही ठाऊक नाही,
पण सोमवारी मी असेन.
काकांचे कणसाचे वीस रुपये राहिलेत,
ते देईन.