कसर

टॉन्टनच्या दप्तरखान्यात, उत्तरेच्या खिडकीपाशी,
रेव्हरंड ओबडाया थ्रिंग यांचं बाड माझ्या टेबलावर येऊन
आज नववा दिवस.
सतराशे तीनच्या नोव्हेंबरात वादळ झालं, समुद्र शेतांत शिरला,
आणि हे गृहस्थ जानेवारीत लिहायला बसले :
जगात वाईट का आहे.

अक्षर सुरेख. कुठे खाडाखोड नाही.
वाईट ही वस्तूच नव्हे, ते म्हणतात,
अंधार जसा नुसता उजेडाचा अभाव,
तसं वाईट म्हणजे चांगल्यात राहून गेलेली
थोडी कसर.
त्यांचा शब्द लॅटिन. कसर माझा.
चित्रकार सावली घालतोच की,
नाक लावून पाहणाऱ्याला तो डाग वाटतो.

कागद महाग असावा.
पानांच्या पाठीवर गावच्या सुताराचा हिशेब :
एल्मच्या फळ्या, बावीस.
खिळे.
जोन पॉबजॉय आणि तिचं तान्हं, एकाच पेटीत,
पैसे एकीचे.

पान उजेडावर धरलं
की दोन्ही बाजू एकदम दिसतात.
सावलीच्या बरोबर मागे खिळे.

सहावा मुद्दा बत्तिसाव्या पानावर.
'तेव्हा ईश्वराने हे होऊ दिलं, कारण'
आणि तिथे कसर लागलेली.
भोक करंगळीच्या नखाएवढं, कडा विरलेल्या.
पलीकडे थेट 'आणि हे तर उघडच आहे.'

मला हसू आलं.
मग पान उलटलं.
कारण खाता खाता तिने मागचं एक नावही खाल्लं होतं.
वय तेवढं उरलंय : चार.

आमच्या कामात एक नियम असतो,
भोक बुजवायचं, अक्षर भरायचं नाही.
म्हणून जपानी कागदाचा तुकडा घेतला,
कापला नाही, ओला करून फाडला,
कडेचे तंतू राहू दिले,
गव्हाची खळ पाण्याने सैल केली
आणि कोऱ्या जागेवर बोट ठेवून बसले
सुकेपर्यंत.
दोन्ही बाजूंना आता तेच पांढरं.

घडीतली धूळ ब्रशने झाडताना ती सापडली,
वाळलेली, चंदेरी, तांदळाच्या कणीएवढी.
अभाव, म्हणे.
सहा पाय मोजले मी भिंगातून.

तिला काय आवडतं, ते या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं :
कागद नंतर.
आधी खळ.