वीतभर कमी

पलंगाच्या पायापासून चुलीपर्यंत
माझी तीन पावलं.
नोमिनची किती, अजून कळायचंय.
कालपर्यंत ती रांगत होती.

उलानबातरच्या वरच्या उतारावर आमचं गेर.
त्याला कोपरे नाहीत.
जाड लोकरीची गोल भिंत, मधोमध लोखंडी चूल,
आणि तिच्याभोवतीच सगळं,
झोप, भांडण, मटणाचं पाणी, खारट चहा.
बाहेर उणे पस्तीस.
चूल विझवून मूल वाचवता येत नाही इथे.
पेटती ठेवूनच वाचवायचं.

म्हणून वडिलांचा पिवळा रेशमी कमरपट्टा काढला,
घोड्यावर बसताना ते ज्याने कंबर कसत.
तिच्या काखेतून घेऊन पाठीशी गाठ मारली,
दुसरं टोक पलंगाच्या पायाला.
"वासराला दावं लावतात तसं," सारूल म्हणाली
आणि कोळसा आणायला बाहेर गेली.
बादली भरायला लागतो
त्याहून बराच जास्त वेळ लावला तिने.

मोजायची रीत जुनी आहे.
मूल पट्टा ताणून उभं राहिलं
की त्याचा हात पुढे धरायचा.
बोटांच्या टोकापासून चुलीपर्यंत
मोठ्या माणसाची एक वीत उरली पाहिजे.

माझ्या डाव्या मनगटावर
तेवढीच, वीतभर, कातडी आहे
चकाकती, केस न उगवलेली.
माझ्या वेळीही पट्टा होता.
गाठ सैल होती, आई सांगायची.
दर वेळी एवढंच, गाठ सैल होती.
कुणी मारली होती ते कधी नाही.

महिन्याभराने पुन्हा मोजलं,
तर वितीची चार बोटं झालेली.
रेशीम ताणलं गेलं नव्हतं.
पोरीचा हात वाढला होता.
लेकरू मोठं होतंय
आणि मी त्याचं जग
गाठीगाठीने आखूड करत होतो.

दवाखान्यातून एन्खझुल आली, लस टोचायला.
बुटांवरचं बर्फ झटकलं,
पट्ट्याबद्दल चकार शब्द काढला नाही.
सरळ जमिनीवर पालथी झाली
आणि हनुवटी टेकवून चुलीकडे बघत राहिली.
"हिला बांधलंत, ठीक.
ती किटलीची वायर कुणी बांधायची?"

ती गेल्यावर मीही झोपलो पोटावर,
ट्रकमध्ये कोळसा भरणारा शंभर किलोंचा बाप.
खालून बघितलं तर
वायर लोंबत होती शिंगराच्या लगामासारखी,
ये, ओढ म्हणत.
चहाच्या भांड्याचा दांडा चुलीबाहेर आलेला,
कुणी हात पुढे करावा तसा.
आणि पेटीची कड
नेमकी तिच्या कपाळाच्या उंचीवर.
इतकी वर्षं मी हे घर
फक्त वरून पाहिलं होतं.

उताराखालच्या बात्सूरने जुन्या खाटेच्या गजांचं
चुलीभोवती कुंपण जोडून दिलं.
त्याची कडी सारूल कोपराने उघडते,
आणि नोमिनच्या बोटांना ती सुटत नाही.
पैसे नको म्हणाला.
त्याच्या घरचं मोठं पातेलं
दोन वर्षं पालथंच आहे, हे सगळ्यांना ठाऊक.
कुणी विचारत नाही.

मग पट्टा सोडला.
नोमिन उठली, डगमगली,
कुंपणापर्यंत गेली, गज धरले.
गज कोमट. तिने माझ्याकडे पाहिलं,
आणि धप्पकन बसली गालिच्यावर.
सारूल धावली नाही. मीही नाही.
पडू दिलं.
पडण्याजोगं तेवढं
तिच्यासाठी ठेवलंच होतं.

वसंतात आई आली गावाकडून.
कुंपणावरून हात फिरवत राहिली,
पहिल्या गजापासून शेवटच्यापर्यंत, आणि परत.
मग माझं मनगट न बघता म्हणाली,
"गाठ मी मारली होती."

मी तिला चहा ओतून दिला.
भांडं चुलीवर परत ठेवलं,
दांडा आत वळवून.