वरची ओळ

गणपतीच्या सुट्टीनंतर
मी फळ्याची वरची वीतभर जागा सोडून लिहिते.
हात तिथवर जात नाही.
खांद्यात काहीतरी अडतं, न लागणाऱ्या कडीसारखं.
ऐरोली, सातवी ब.
मुलांना वाटतं, बाईंची पद्धतच ही.

वाशीच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला.
"हाडं स्वच्छ आहेत, मॅडम. वजन तेवढं बघा."
स्वच्छ हाडं घेऊन मी बसस्टॉपवर उभी,
अंगठा पर्सच्या चेनशी भांडतोय,
सुट्टे पैसे आत, मी बाहेर.

दुधाचं कॅलेंडर आहे घरी,
खाडा झाला की फुली.
तिथेच पेन्सिलीने टिंबं द्यायला लागले :
गुडघा. मनगट.
सकाळचं पहिलं पाऊल, टाचेवरचं.
रात्री उशी बदलूनही मान.
चार पानं उलटून पाहिली
तर टिंबं मुंग्यांसारखी रांगेत निघालेली,
लाल गोलाकडे.
पाच दिवस आधी निघायची,
गोलापाशी पोचली की पांगायची.

नवऱ्याला दाखवलं.
चष्मा कपाळावर चढवून म्हणाला,
"दूधवाल्याने एवढे खाडे केले?"

दिवा गावातून मासे आणणारी चांगुणाबाय
पायरीवर पाटी टेकवत म्हणाली,
"माजा पन तसाच व्हता बाय, दोन वरसा.
हाडांना पन तारीक असते."
आणि मग?
"मंग काय. कोलंबी सोलून देऊ?
तुजा अंगठा दुकतोय ना."

या खेपेला मुंग्या निघाल्या,
पाच दिवस झाले, अकरा झाले,
गोल नाही.
खाडा.
त्या चालतायत अजून,
चतुर्थीवरून, सिलिंडरच्या नोंदीवरून,
नव्या वर्षाच्या पानावर चढल्या
तरी त्यांना कोणी सांगितलेलं नाही
की पुढे काही नाही, किंवा आहे,
किंवा मार्चमध्ये बघू.
मलाही नाही सांगितलेलं.
मी फक्त टिंब देते.

आज तिसऱ्या तासाला
तनिष्का मढवी, वर्गात सगळ्यांत उंच,
न विचारता उठली, खडू घेतला
आणि माझ्या रिकाम्या वीतभर जागेत
तारीख लिहायला हात वर केला.
मध्येच थांबली.
मग वर्ष पुरं केलं, घाईघाईत,
आणि भिंतीला पाठ लावत लावत
बाकाकडे गेली.
ते चालणं मला माहीत आहे.

डब्याच्या सुट्टीत कपाटातलं पाकीट काढलं,
कागदात न गुंडाळता तिच्या हातात दिलं.
कंबर दुखते का गं?
"नाही बाई. मांड्या."
आम्ही दोघी जिन्याच्या कठड्याला टेकून उभ्या राहिलो,
ती डाव्या पायावर भार देऊन,
मी उजव्या.

शाळा सुटताना फळा पुसला.
तारीख तेवढी वर राहिली.
"तिथवर हात जात नाही," असं शिपायाला सांगितलं.
तो डस्टर घेऊन पुढे आला
तर म्हटलं,
राहू दे.