घर घेऊन जाताना

आई म्हणाली, मला समुद्र दिसायला नको.
सेलिंदो गेल्यापासून
तिचं हे पहिलं पूर्ण वाक्य.

बाबांनी मान हलवली आणि गाव बोलावलं.
चिलोए बेटावर आम्ही घर सोडून जात नाही,
घर घेऊन जातो:
खाली ओंडके, पुढे बैल,
बैल थकले की शेजारी.

एक अडचण होती, ती कुणी मोठ्यानं म्हटली नाही.
समुद्रापासून लांब न्यायचं घर
न्यावं लागणार होतं समुद्रावरूनच.

पाया सुटला तेव्हा घर कण्हलं.
खाली सापडला एक वाकडा चमचा, मातीत रुतलेला दारूचा बूच
आणि सेलिंदोचा निळा भोवरा,
ज्याच्यापायी आठ वर्षांपूर्वी मी मार खाल्ला होता.
चोरला नव्हता मी. बघ, म्हटलं. बघ!
आणि भांडायला समोर कुणी नाही
म्हणून रडले. नऊ महिन्यांत पहिल्यांदा,
तेही रागानं.

ओसियेल माझ्या मागे दोर धरून होता.
मी सोळा वर्षांची. मानेवर त्याचा श्वास,
श्वासाला कच्च्या लसणाचा वास.
मला तो आवडला. मग लाज वाटली,
भाऊ नाही, आणि मला लसूण आवडतो?
दोरानं तळहात सोलले.
काही न विचारता त्यानं आपले लोकरीचे मोजे
माझ्या हातांवर चढवले.
पायातले. ओले.

भरती आली. दोन होड्यांच्या मागे
घर पाण्यात उतरलं,
म्हाताऱ्या बाईनं परकर वर धरून
ओढा ओलांडावा तसं.
आई आतच. उतर गं, सगळे विनवत राहिले.
तिनं चूल विझू दिली नाही.
खाडीच्या मधोमध धुराडं चालू,
आणि जिथं त्याची होडी रिकामी सापडली होती
तिथं घर जरा रेंगाळलं.
प्रवाह असेल.

खिडकी उघडली.
तव्यावरचा मिल्काओ तिनं पाण्यात सोडला,
बटाट्याचा, कडा करपलेला, त्याला आवडायचा तसा.
वारा आमच्याकडं वाहत होता,
म्हणून दोन्ही होड्यांनी ऐकलं:
'गरम आहे रे. सावकाश.'

कुणी वल्हं मारलं नाही बराच वेळ.

पलीकडच्या टेकडीवर अंधार पडला.
बैल दमून भलतीकडेच वळले,
आणि उजाडल्यावर पाहतो तर
स्वयंपाकघराची खिडकी थेट खाडीकडं.
बाबांचा चेहरा उतरला. फिरवू या, म्हणाले,
माणसं आहेत अजून.
आईनं काचेवर कोपरानं एक गोल पुसला.
बाहेर पाहिलं. 'राहू दे. बैलांना पाणी दाखवा आधी.'

मोजे मी चुलीवरच्या दोरीला टाकले होते,
आमच्या तिघांच्या मोज्यांशेजारी.
तिनं पाहिले. कुणाचे ते विचारलं नाही.
काढले, उलटे केले, पुन्हा टाकले.
असे लवकर वाळतात, म्हणाली.