तुटक रेघ

सापोपेम्बा रस्त्यावर खांब उभे राहिले
तेव्हा मी पडदे शिवत नव्हते.
शाळेचे गणवेश, झिपा, क्वचित
एखाद्या नवरीचा झगा कमरेत आत घ्यायचा, एवढंच.

खांबांवर तुळया टेकल्या,
तुळयांवर एक रूळ, फक्त एक,
आणि एका मंगळवारी सकाळी
तिसऱ्या मजल्यावरच्या झुल्मिराबाईच्या
न्हाणीघरासमोरून
अख्खी गाडीभर माणसं कामाला गेली.

त्या संध्याकाळी बाई माप न घेताच आल्या.
दोन्ही हात पसरून म्हणाल्या,
"एवढा रुंद. आणि आजच."

मग माझ्या वहीत सगळी वस्ती उतरली,
फक्त खिडक्यांपुरती.
वाल्देसीर : एकशेवीस बाय एकशेचाळीस, जाड.
खालून अर्धाच, कारण तो डोकं बाहेर काढून सिगारेट ओढतो.
जुळ्या बहिणी : लाल, आरपार दिसणारा नको
(आणि गाडी आली की त्याच तो सरकवतात).
म्हातारा आनाक्लेतो : नको.

एकतीस वर्षं बस चालवलेला माणूस.
या गाडीला चालकच नाही
हे त्याला कुणालाच पटवता आलं नाही.
पुढच्या काचेमागच्या रिकाम्या जागेला
तो खिडकीतून हात करायचा,
समोरून येणाऱ्या बसवाल्याला करतात तसा,
दोन बोटं, घाईत.
त्या जागी बहुतेक शाळेची पोरं नाक चिकटवून उभी असत.
तीही हात करायची.
त्याचं म्हणणं, ही पोरं लवकर शिकली.

मी स्वतः गाडीत बसले ते फार उशिरा.
साओ पाउलोत जन्म गेला, पण घरांकडे
इतक्या जवळून, इतक्या वरून
कधी पाहिलं नव्हतं.
आणि दिसलं काय, तर माझीच उलट बाजू :
अस्तर, दुमडी, घाईत मारलेल्या गाठी,
एका ठिकाणी चक्क वेगळ्या रंगाचा दोरा.
सुलट बाजू घरातल्यांसाठी असते.
शहराला मी इतके महिने
हेच दाखवत आले होते.
विला प्रुदेन्तेला उतरले, सरकत्या जिन्यावरून
जमिनीखालच्या मेट्रोकडे निघाले,
तरी मान खालीच.

दोन तासांचा रस्ता पाऊण तासावर आला,
हे खोटं नाही. माझ्या मुलीला जेवणाआधी
घरी आलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.
डब्यातल्या नकाशावर आमची तुटक रेघ
एका रात्रीत सलग झाली.
पण नकाशा घरमालकालाही वाचता येत होता.

आधी जुळ्या गेल्या. मग वाल्देसीर.
पडदे काढून, घडी घालून माझ्याकडे आणायचे,
"तिकडच्या खिडक्या लहान आहेत गं, नेइदे."
मी कापायचे. उरलेलं कापड
मजुरीत वळतं करून ठेवायचे.
वहीतली जुनी मापं खोडून
त्याखाली नवी लिहिली. सगळीच कमी.

आनाक्लेतोच्या खिडकीत आता
कुणा दातांच्या डॉक्टरच्या प्लास्टिकच्या पट्ट्या आहेत,
दुकानातून तयार आणलेल्या.
तो कुठे गेला ते मला कळलं नाही.
त्याचं माप माझ्याकडे नव्हतंच.

आम्हीही निघालो, जाकू-पेसेगोच्या पलीकडे,
नकाशावर रेघ पुन्हा जिथे तुटते तिथे.
परवा पिवळ्या टोप्यांची माणसं आली,
दारापुढच्या डांबरावर चुन्याचे गोल काढून गेली.
समोरची बाई कंबरेवर हात ठेवून विचारते,
"कधी येणार म्हणे?"
तिच्या डोळ्यांत सगळं आहे, दोन तासांची बस,
पहाटेची चार वाजताची लाईन.
तिला मी काय सांगू?
म्हटलं, "येईल."

रात्री स्वतःच्याच खिडकीचं माप घेतलं.
उरलेल्या तुकड्यांतून पडदा जुळवला :
जुळ्यांचं लाल, झुल्मिराबाईंचं निळं,
आणि या वेळी दोन्ही बाजूंनी नीट शिवला.
खालची दुमड मात्र वीतभर जास्त ठेवली.
पुढच्या घराची खिडकी
मोठीही असू शकते.