फेब्रुवारीचं स्वस्त तिकीट

थॉर्नटन हीथच्या लॉन्ड्रेटमध्ये
माझी चादर ओली बाहेर येते तेव्हा
तारामती अप्पाजी न विचारता पलीकडची दोन टोकं धरतात.
चाळीस वर्षं मनोरुग्णालयात नर्स होत्या,
कुणी एकटीनं चादर घडी करताना त्यांना बघवत नाही.

मी सांगते, तुमच्या मॉरिशसला चाललोय,
फेब्रुवारीत. तिकीट स्वस्त मिळालं.
"स्वस्त? मग ते वादळाचं तिकीट हाय."
त्यांची मराठी बोटीतून उतरली तेव्हाची,
वर क्रिओलची साय धरलेली.

"रेडिओ ऐकायचा.
एक नंबरचा इशारा आला की पाव घे, मेणबत्त्या घे.
दोनला पाणी भर, तांब्यापासून टबापर्यंत.
तीनला दार लाव.
चारला आमची आई पत्ते काढायची,
आणि हरली की वाऱ्याला शिव्या द्यायची."

त्या चादर झटकतात. पाण्याचे थेंब माझ्या चष्म्यावर.

"समुद्रात रबरी चपला घालून उतर.
तळाशी काळं काटेरी बसलेलं असतं,
पाय पडला की सुट्टी संपली.
शंख उचलू नको. कुणाचं तरी घर हाय ते.
दालपुरी जोडीनंच मागायची,
एक मागितलीस तर गाडीवाली विचारेल,
नवऱ्याशी भांडलीस काय?

रविवारी फिलाओच्या सावलीत
अख्खं खानदान बसलेलं दिसेल, बिर्याणीची डेग मांडून.
बोलावतील. एकदा नको म्हण.
दुसऱ्यांदा बस.
तिसऱ्यांदा बोलवत नाहीत.

मोर्नच्या डोंगराचा फोटो काढ,
पण त्याच्याकडं पाठ करून, दात दाखवून नको.
पळालेले गुलाम वर लपायचे.
म्हणतात, काहींनी खाली उडी घेतली.

अंगणात लाल झेंडा दिसला तर मारुती. चपला काढ.
कुणी सांगणार नाही तुला. तू मराठी,
तुला कळायला पाहिजे."

मग जरा थांबून:
"गणपतीत का नाही जात?"
रजा नाही, मी म्हणते.
रजा हा शब्द त्यांना लागत नाही.
मी हातानं काहीतरी करून दाखवते, ऑफिस, कुलूप.
"हां. कोंजे," त्या म्हणतात. "कोंजे नाही."
दोघी मान हलवतो. हे दुःख दोन्ही भाषांत आहे.

पर्समधून लॅमिनेट केलेला कागद निघतो.
पणजोबा. नंबर, उंची, डाव्या गालावर व्रण, जात,
आणि गावाच्या रकान्यात
कारकुनानं ऐकलं तसं: दापूल.
"नकाशात शोधलं. माझ्या मुलानं कॉम्प्युटरवर शोधलं.
नाही हाय."

दापोली असेल, मी म्हणते.
आणि म्हणून बसल्यावर सुचतं: किंवा दाभोळ.
मध्ये एसटीनं तासाभराचं अंतर.
मी जालन्याची. शाळेच्या सहलीत एकदा गेले होते तिकडं,
आठवतो तो घाटात गाडी लागलेला वर्ग
आणि लिंबू वाटत फिरणारे देशपाणे सर.
खात्रीनं सांगावं असं
माझ्यापाशी काही नाही.

"दोन्ही दे," तारामती म्हणतात.
"इतकी वर्षं एकही नव्हतं."

कागद पुन्हा पर्समध्ये जातो.
चादरीची शेवटची घडी त्या तळहातानं दाबतात,
कडा अशी की तिच्यावर नाणं उभं राहावं,
आणि खुर्ची माझ्याकडं ओढून बसतात.

"आता तू सांग.
तिकडं जायचं तर कुठल्या महिन्यात?
चपला कुठं काढायच्या?
जेवायला बोलावलं तर
किती वेळा नको म्हणायचं?"

ड्रायर थांबलाय. कपडे केव्हाच वाळलेत.
मी त्यात आणखी एक पौंड टाकते.